जॉन थॉमसन (छायाचित्रकार)

जॉन थॉमसन (जन्म : १४ जून १८३७, एडिनबर्ग, मृत्यू : सप्टेंबर १९२१) हे एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश छायाचित्रकार, प्रवासी आणि लेखक होते. इ. स. १८६२ ते १८७२ या दहा वर्षांतील बहुतेक काळ त्यांनी आग्नेय आशिया आणि चीनमध्ये घालवला आणि तेथील भूदृश्ये, वास्तू, बाजार, व्यवसाय व माणसे यांची शेकडो छायाचित्रे घेतली. कंबोडियातील अंकोर येथील मंदिरांची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छायाचित्रे त्यांची आहेत. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी लंडनच्या रस्त्यांवरील गरीब माणसांची जी छायाचित्रमालिका प्रसिद्ध केली, ती सामाजिक छायाचित्रणाच्या इतिहासातील आरंभीची महत्त्वाची कृती मानली जाते.

प्रवासी छायाचित्रकार त्या काळी आणखीही होते. भारतात सॅम्युअल बोर्न हिमालयाची चित्रे घेत होते, तर फेलिचे बिआतो भारत, चीन आणि जपानमध्ये हिंडत होते. थॉमसन यांचे वेगळेपण असे, की त्यांना केवळ सुंदर देखाव्याने समाधान होत नसे. देखाव्यातील माणूस कोण, तो काय काम करतो, काय खातो, घर कसे बांधतो हे त्यांना चित्राबरोबर लिहून ठेवावेसे वाटे. छायाचित्र आणि लेखन यांची ही जोडी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. त्यांचे लेखन वाचताना मात्र आजच्या वाचकाला अनेक ठिकाणी अडखळायला होते. त्याचा विचार पुढे केला आहे.

जन्म आणि शिक्षण

थॉमसन यांचा जन्म एडिनबर्ग येथे एका मोठ्या कुटुंबात झाला. वडील विल्यम थॉमसन यांचा तंबाखूचा व्यवसाय होता. शालेय शिक्षणानंतर जॉन हे शहरातील एका भिंगे व शास्त्रीय उपकरणे बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करू लागले. भिंग घासणे, जुळवणे, त्यातून प्रतिमा कशी पडते ते पाहणे हे काम त्यांच्या हातात बसले. दिवसभर उमेदवारी करून संध्याकाळी ते वॉट इन्स्टिट्यूशन या संस्थेच्या वर्गांना जात. तेथे त्यांनी पदार्थविज्ञान, गणित आणि रसायनशास्त्र यांचा अभ्यास केला. त्या काळच्या छायाचित्रकाराला भिंग आणि रसायन या दोहोंचे ज्ञान लागे. थॉमसन यांना ते चित्रकलेच्या शाळेत नव्हे, तर कारखान्यात आणि रात्रवर्गात मिळाले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

एडिनबर्ग हे छायाचित्रणाच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक होते. थॉमसन लहान असतानाच, १८४० च्या दशकात, डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट ॲडमसन या जोडीने शहराजवळच्या न्यूहेवन गावातील कोळी स्त्री-पुरुषांची छायाचित्रे घेतली होती. श्रमजीवी माणसे कॅमेऱ्यासमोर आणण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न होता.

सिंगापूर आणि पिनांग

थॉमसन यांचे थोरले बंधू विल्यम हे सिंगापूरमध्ये घड्याळांचा आणि छायाचित्रणाचा व्यवसाय करीत. १८६२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, जॉन त्यांच्याकडे गेले. दोघा भावांनी मिळून जहाजांवर लागणारी कालमापके व भिंगांची उपकरणे यांचे दुकान चालवले आणि जोडीला छायाचित्रणाचा स्टुडिओही काढला. स्टुडिओत येणारे गिऱ्हाईक मुख्यतः युरोपीय व्यापारी आणि श्रीमंत चिनी असे. पण थॉमसन यांचे मन दुकानात फारसे रमले नाही. मलाक्का, पिनांग आणि समोरच्या मुख्य भूमीवरील वेलस्ली प्रांत येथे ते वरचेवर जात आणि तेथील गावे, मळे व निरनिराळ्या समाजांतील लोक यांची चित्रे घेत. ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्याला भीषण चक्रीवादळाचा तडाखा बसला. त्यानंतर ते तेथे गेले आणि विध्वंसाची छायाचित्रे त्यांनी घेतली.

पिनांगमधील एक हकीकत त्यांनी स्वतःच नोंदवली आहे. छायाचित्रे छापण्यासाठी त्यांना मदतनीस हवे होते. रसायनांनी बोटे काळी पडतात म्हणून तेथील चिनी लोक या कामाला तयार होईनात. तेव्हा थॉमसन यांनी मद्रासकडच्या दोघा जणांना हे काम शिकवले. ही हकीकत सांगताना त्यांनी त्या दोघांच्या वर्णावरून विनोद केला आहे. त्या काळच्या गोऱ्या लेखकांत असा विनोद सर्रास आढळतो आणि आज तो खटकतो. पण या नोंदीमुळेच आपल्याला कळते, की थॉमसन यांच्या नावावर असलेल्या त्या काळातील चित्रांमागे दोन भारतीयांचे हात होते. त्यांची नावे त्यांनी दिलेली नाहीत.

ओल्या काचेची पद्धत

थॉमसन यांच्या प्रवासाचे मोल कळण्यासाठी त्या काळी छायाचित्र कसे घेत, हे समजून घेणे आवश्यक आहे. त्यांनी आशियात ओल्या कलोडियनची पद्धत वापरली. स्फोटक कापूस ईथर आणि अल्कोहोल यांत विरघळवून जे चिकट द्रावण बनते, त्याला कलोडियन म्हणतात. प्रथम काच स्वच्छ धुवून कोरडी करायची, तिच्यावर हे द्रावण ओतून काच चारही बाजूंना अशी कलती करायची की पातळ, सारखा थर बसावा. मग अंधाऱ्या तंबूत ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. आता काच प्रकाशाला संवेदनशील झाली. ती चौकटीत बंद करून धावतच कॅमेऱ्यापाशी न्यायची, भिंगावरचे झाकण काढून काही सेकंद मोजायचे, झाकण लावायचे, आणि पुन्हा तंबूत परतून थर वाळण्याच्या आत प्रतिमा विकसित करायची. थर वाळला की चित्र गेले. पुढे ती काच स्थिर करून, भरपूर पाण्याने धुवून, ऊब देऊन तिच्यावर व्हार्निश चढवायचे. हे सारे प्रत्येक चित्रासाठी नव्याने करावे लागे.

चित्र मोठे करून छापण्याची सोय तेव्हा नित्याची नव्हती. जेवढी काच तेवढेच चित्र. म्हणून मोठे चित्र हवे तर कॅमेराही मोठाच लागे. काचांच्या पेट्या, बाटल्या, तंबू, तिकाटणे, पाण्याची भांडी असा सारा संसार हमालांच्या खांद्यावर, होडीत किंवा बैलगाडीत लादून न्यावा लागे. उष्ण प्रदेशात ईथर भराभर उडून जाई, दमट हवेत थर बिघडे, आणि स्वच्छ पाणी मिळेलच याची खात्री नसे. एवढे करूनही हलणारी वस्तू पुसट येई. त्यामुळे थॉमसन यांच्या बाजाराच्या चित्रांत दिसणारी माणसे योगायोगाने टिपलेली नाहीत. त्यांना थांबवून, समजावून, पुष्कळदा पैसे देऊन उभे केलेले आहे.

सयाम आणि अंकोर

१८६५ मध्ये थॉमसन सयामची राजधानी बँकॉक येथे गेले. तेव्हा तेथे राजे मोंगकुट (चौथे राम) राज्य करीत होते. ज्योतिष, गणित आणि पाश्चात्त्य विद्या यांत रस असलेल्या या राजांनी थॉमसन यांना आपले छायाचित्र घेण्यास संमती दिली. राजे प्रथम शुभ्र वस्त्रात आले आणि प्रार्थनेला बसलेल्या मुद्रेत आपले चित्र घ्यावे असे त्यांच्या मनात होते. पण थॉमसन सारे सिद्ध करीत असतानाच ते अचानक आत निघून गेले आणि परतले ते फ्रेंच सेनापतीच्या थाटाचा गणवेश घालून. या प्रसंगातून छायाचित्राचा खरा सूत्रधार कोण, हा प्रश्न उभा राहतो. कॅमेरा थॉमसन यांचा होता, पण जगाने आपल्याला कोणत्या रूपात पाहावे याचा निर्णय राजांनी घेतला. पुढे चीनमधील गरीब माणसांना असा निर्णय घेण्याची सोय नव्हती.

राजपुत्र चुलालोंगकोर्न यांच्या शेंडी उतरवण्याच्या संस्काराची छायाचित्रेही थॉमसन यांनी घेतली. आपल्याकडील चौल किंवा मुंजीतील क्षौर यांची आठवण करून देणारा हा विधी सयामी राजघराण्यात मोठ्या समारंभाने होई. हेच राजपुत्र पुढे पाचवे राम म्हणून गादीवर आले.

फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ आंरी मूओ यांनी १८६० मध्ये अंकोरला भेट दिली होती आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले होते. ते वाचून थॉमसन यांना त्या मंदिरांची ओढ लागली. अंकोरचा प्रदेश तेव्हा सयामच्या ताब्यात होता, म्हणून राजांची परवानगी लागत होती. ती मिळाल्यावर जानेवारी १८६६ मध्ये ब्रिटिश वकिलातीतील एच. जी. केनेडी यांच्यासह ते निघाले. वाट नद्या, दलदली आणि घनदाट जंगल यांतून जात होती. होडी, घोडे, हत्ती, रेड्यांच्या गाड्या अशी वाहने बदलत हा प्रवास झाला. वाटेत थॉमसन यांना जंगली तापाने गाठले. केनेडी यांनी क्विनीन देऊन त्यांची शुश्रूषा केली, म्हणूनच ते पुढे जाऊ शकले.

अंकोर येथे त्यांनी सुमारे दोन आठवडे काम केले. अंकोरवाटचे शिखरांसह दिसणारे दर्शनी रूप, लांबच लांब ओवऱ्या, बायोनचे चेहरे असलेले मनोरे, भिंतींवरील उठावशिल्पे हे सारे त्यांनी काचेवर उतरवले. या भिंतींवर समुद्रमंथन आहे, लंकेतील युद्ध आहे, कुरुक्षेत्र आहे. भारतीय वाचकाला ही कथाचित्रे ओळखीची वाटतील. थॉमसन यांनी मंदिराचे मोजमाप घेऊन आराखडाही तयार केला. अंकोरवाटची रचना म्हणजे विश्वाच्या केंद्रस्थानी असलेल्या मेरू पर्वताचे प्रतीक आहे, असा अर्थ लावणाऱ्या आरंभीच्या युरोपीय अभ्यासकांत त्यांची गणना होते. तेथून ते प्नॉम पेन्ह येथे गेले आणि कंबोडियाचे राजे नोरोडोम यांचीही छायाचित्रे त्यांनी घेतली.

त्याच वर्षी ते मायदेशी परतले. ब्रिटनमध्ये त्यांच्या चित्रांकडे सर्वांत उत्सुकतेने पाहणाऱ्यांपैकी एक होते वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन. महाराष्ट्रातील अजिंठा, वेरूळ, कार्ले येथील लेण्यांचा अभ्यास करून ज्यांनी पुढे जेम्स बर्जेस यांच्याबरोबर भारतातील लेण्यांवरचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तेच हे फर्ग्युसन. भारतीय वास्तुकलेचा संबंध समुद्रापलीकडे कोठवर पोहोचतो, हे पाहण्यासाठी त्यांना हातांनी काढलेल्या रेखाटनांपेक्षा विश्वासार्ह असे काही हवे होते. ते थॉमसन यांच्या काचांनी दिले. १८६७ मध्ये एडिनबर्ग येथे 'अँटिक्विटीज ऑफ कंबोडिया' हा सोळा मूळ छायाचित्रे चिकटवलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. तत्पूर्वीच रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने थॉमसन यांना आपले सदस्य करून घेतले होते.

हाँगकाँग आणि चीन

१८६७ मध्ये थॉमसन पुन्हा पूर्वेकडे निघाले. काही काळ सैगोन येथे राहून १८६८ मध्ये ते हाँगकाँगला स्थायिक झाले आणि क्वीन्स रोडवर त्यांनी स्टुडिओ थाटला. त्याच वर्षी इझाबेल पेट्री यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गर्भारपण आणि लहान मूल यांमुळे इझाबेल १८७० मध्ये ब्रिटनला परतल्या. त्यानंतरची दोन वर्षे थॉमसन यांनी चीनमध्ये सुमारे ५,००० मैलांचा प्रवास केला.

दुसऱ्या अफू युद्धानंतरच्या तहांनी परकीयांना परवाना घेऊन चीनच्या अंतर्भागात फिरण्याची मुभा मिळाली होती. हा हक्क युद्धात हरलेल्या चीनवर लादलेला होता. त्यामुळे परकीय माणूस आणि त्याच्या हातातील काळी पेटी यांकडे लोक संशयाने पाहत असतील तर त्यात नवल नाही. १८७० च्या जून महिन्यात तिएनत्सिन येथे परकीयांविरुद्ध मोठा दंगा होऊन अनेक जण मारले गेले होते. थॉमसन लिहितात त्यावरून, कॅमेरा हे खडकांच्या आरपार पाहणारे जादूचे यंत्र आहे आणि ज्याचे चित्र काढले जाते तो लवकरच मरतो, अशी समजूत त्यांना ठिकठिकाणी आढळली. दक्षिणेतील चाओचौ येथे हान नदीवरील जुन्या पुलाचे चित्र घेण्यासाठी ते गर्दी टाळावी म्हणून पहाटेच गेले. तरी बाजाराला निघालेले लोक जमले आणि दगडांचा वर्षाव सुरू झाला. थॉमसन कसेबसे होडीत शिरून निसटले. पुलाचे चित्र मात्र त्यांना मिळाले. आज ते पाहताना त्यातील शांतता फसवी आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

मिन नदीचे खोरे

फूचौ (आजचे फुझौ) हे चहाच्या व्यापाराचे मोठे बंदर होते. अमेरिकन मिशनरी जस्टस डूलिटल यांच्याबरोबर थॉमसन यांनी तेथून मिन नदीने वरच्या अंगाला, धावत्या खळाळांतून येनपिंगपर्यंत होडीने प्रवास केला. या प्रवासातील चित्रे ही त्यांच्या भूदृश्यांपैकी सर्वोत्तम म्हणावी लागतील. धुक्यात विरत जाणारे डोंगर, संथ पाण्यात स्थिर उभ्या होड्या, कड्याला चिकटून बांधलेला मठ यांत चिनी शाईचित्रांची आठवण व्हावी अशी खोली आहे. 'फूचौ अँड द रिव्हर मिन' या नावाने १८७३ मध्ये त्यांचा ८० चित्रांचा संग्रह निघाला. त्याच्या पन्नासहूनही कमी प्रती काढल्या होत्या आणि त्या मुख्यतः फूचौशी संबंध असलेल्या परकीय वर्गणीदारांसाठी होत्या.

त्याच फूचौमध्ये त्यांनी शहराबाहेरच्या थडग्यांत आसरा घेऊन राहणाऱ्या भिकाऱ्यांचीही चित्रे घेतली. ज्या गिऱ्हाइकांना नदीचे रम्य देखावे हवे होते, त्यांना ही चित्रे नको असणार. थॉमसन यांनी ती तरीही घेतली आणि पुढे ग्रंथातही छापली.

अमॉय येथील एक चित्र मात्र वाचकाला अस्वस्थ करते. मुलींची पावले लहानपणीच घट्ट बांधून ती वाढू न देण्याची प्रथा तेव्हा चीनमध्ये होती. बांधलेले पाऊल उघडे करून दाखवायला कोणतीही स्त्री कितीही पैसे दिले तरी तयार होणार नाही, असे थॉमसन यांना चिनी परिचितांनी सांगितले होते. तरी त्यांनी प्रयत्न सोडला नाही. एका वृद्ध स्त्रीच्या सोबतीने एक स्त्री गुपचूप आणली गेली आणि त्या सोबतिणीला भरपूर मोबदला द्यावा लागला. छायाचित्रात ते विकृत झालेले पाऊल आणि त्याशेजारी न बांधलेले पाऊल दिसते. एका क्रूर प्रथेचा हा पुरावा आहे, यात शंका नाही. पण जी गोष्ट त्या स्त्रीने आप्तांपुढेही उघडी केली नसती, ती पैशाच्या जोरावर जगापुढे मांडली गेली, हेही तितकेच खरे आहे. छायाचित्राचा उपयोग आणि छायाचित्र घेण्याची रीत या दोन गोष्टींचा निवाडा वेगवेगळा करावा लागतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

फोर्मोसा

एप्रिल १८७१ मध्ये वैद्यकीय मिशनरी डॉ. जेम्स लेडलॉ मॅक्सवेल यांच्यासह थॉमसन फोर्मोसा बेटावर गेले. ताकाओ (आजचे काओशुंग) बंदरात उतरून, ताइवानफू (आजचे ताइनान) शहरातून ते पायी डोंगराळ भागाकडे वळले. तेथील पेपोहोआन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूळ रहिवाशांची घरे, बांबूचे पूल, स्त्रियांचे शिरोवेष्टन, मुलांना पाठुंगळी घेतलेल्या आया यांची चित्रे त्यांनी घेतली. तैवानच्या मूळ समाजांच्या आरंभीच्या छायाचित्रांत त्यांचा समावेश होतो. पुढच्या शतकात त्या समाजांची भाषा आणि वेश झपाट्याने बदलत गेल्यामुळे ही चित्रे तेथील अभ्यासकांना आज मोलाची वाटतात.

पेकिंग आणि यांगत्से

१८७१ च्या उत्तरार्धात थॉमसन शांघायमार्गे पेकिंग येथे पोहोचले. तेथे राजपुत्र कुंग यांच्यासह अनेक वरिष्ठ अधिकाऱ्यांची आणि तिएनत्सिन येथे ली होंगचांग यांचे व्यक्तिचित्र त्यांनी घेतले. यांग नावाच्या एका अधिकाऱ्याला स्वतःलाच छायाचित्रणाचा नाद होता. त्यांच्या घराच्या चौकात थॉमसन यांना घरातील स्त्रिया आणि मुले यांची चित्रे घेता आली. परकीयाला सहसा न दिसणारे हे घरगुती जीवन होते. राजधानीच्या रस्त्यांवरील फिरते न्हावी, जुन्या वस्तूंचे विक्रेते, उंटांचे तांडे, रात्रीचे पहारेकरी हेही त्यांच्या काचांवर आले. चीनची भिंत पाहून ते परतले.

त्यानंतर हान्कोऊहून ते यांगत्से नदीने वर गेले. कड्याकपारींतून वाहणाऱ्या या नदीच्या घळींतून होड्या काठावरून दोरांनी ओढाव्या लागत. हे काम करणारे मजूर दोर खांद्याला लावून खडकांवरून जवळजवळ रांगत जात. ऐन हिवाळ्यात, १८७२ च्या आरंभी, सिचुआन प्रांताच्या सीमेपर्यंत त्यांनी हा प्रवास केला. एकविसाव्या शतकात तीन घळींच्या धरणामुळे या पट्ट्यातील पाण्याची पातळी खूप चढली आणि काठावरची अनेक गावे बुडाली. थॉमसन यांच्या चित्रांतील नदीकाठ आता पाण्याखाली आहे.

चीनविषयक ग्रंथ

१८७२ मध्ये थॉमसन कायमचे ब्रिटनला परतले. १८७३-७४ मध्ये 'इलस्ट्रेशन्स ऑफ चायना अँड इट्स पीपल' हा चार खंडांचा, २०० छायाचित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मूळ छायाचित्रे चिकटवण्याऐवजी शाईने छापण्याची तेव्हाची नवी पद्धत त्यांनी निवडली, त्यामुळे चित्रे फिकी पडली नाहीत. पहिल्या खंडात वाचक हाँगकाँग व कँटन येथून निघतो आणि चौथ्या खंडात पेकिंगला पोहोचतो. प्रत्येक चित्राला थॉमसन यांचे स्वतःचे विवेचन जोडलेले आहे. चहाची पाने निवडणाऱ्या बायका, नाणी पारखणारे सराफ, जुगाराचा अड्डा, नववधू, भिक्षू अशा एकेका चित्रावर त्यांनी किंमती, पद्धती, व्यवसायातील बारकावे सांगितले आहेत. १८७५ मध्ये त्यांच्या पूर्वेकडील दहा वर्षांचे प्रवासवर्णनही निघाले. त्यात मात्र छायाचित्रांवरून केलेले लाकडी ठशांचे चित्रण आहे.

या लेखनात निरीक्षणाची सूक्ष्मता आहे, तशीच युरोपीय श्रेष्ठत्वाची भावनाही आहे. रेल्वे, तारायंत्र आणि खुला व्यापार यांनीच चीनचा उद्धार होईल, असे थॉमसन मानत. काही ठिकाणी त्यांनी माणसांचे चेहरे समोरून आणि बाजूने असे मांडले आहेत, जणू प्रत्येक चेहरा एका वंशाचा नमुना आहे. त्या काळच्या मानववंशशास्त्राची ती रीत होती. पण गंमत अशी, की त्याच पानावरचा म्हातारा किंवा नावाडी कॅमेऱ्याकडे ज्या थेट नजरेने पाहतो, ती नजर नमुन्याची राहत नाही. विवेचन वाचून मग चित्र पाहिले तर एक अर्थ निघतो, आधी चित्र पाहिले तर दुसराच. विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ दोन्ही प्रकारे पाहावा.

लंडनचे रस्ते

१८७७ च्या आरंभापासून पत्रकार ॲडॉल्फ स्मिथ यांच्या सहकार्याने थॉमसन यांनी 'स्ट्रीट लाइफ इन लंडन' ही मासिक मालिका सुरू केली. बारा भागांत ३६ चित्रे प्रसिद्ध झाली. फुले विकणाऱ्या बायका, बूट पुसणारी मुले, धुराडी साफ करणारे, भंगार विकणारे, पुराने घरे गमावलेले लॅम्बेथ भागातील लोक हे या चित्रांचे विषय आहेत. जो माणूस परदेशात लोकांच्या चालीरीती टिपत होता, तोच आता आपल्या देशाच्या राजधानीत परक्याच्या डोळ्यांनी हिंडत होता.

यांतील सर्वांत परिचित चित्र एका वृद्ध स्त्रीचे आहे. सेंट जाइल्स येथील आश्रयगृहाच्या पायऱ्यांवर ती बसली आहे आणि तिच्या खांद्यावर एक तान्हे मूल झोपले आहे. मूल तिचे नव्हे. मुलाची आई कामावर जाते तेवढा वेळ ती ते सांभाळते आणि त्याबदल्यात तिला चहा व पावाचा तुकडा मिळतो. थॉमसन आणि स्मिथ यांनी तिची हकीकत विचारून लिहिली. चीनमधील भिकाऱ्यांच्या वाट्याला इतकी सविस्तर विचारपूस आली नव्हती. त्यात भाषेची अडचण होती हे खरे, पण लंडनमध्ये थॉमसन यांच्या कामाला अधिक सहानुभूतीचे वळण लागलेले दिसते.

उत्तरायुष्य

१८७८ मध्ये ऑटोमन साम्राज्याशी झालेल्या करारानुसार सायप्रस बेटाचा कारभार ब्रिटनकडे आला. त्याच शरद ऋतूत थॉमसन तेथे गेले आणि पुढच्या वर्षी त्यांचा दोन खंडांचा सचित्र ग्रंथ निघाला. हा त्यांचा अखेरचा मोठा प्रवास होय. त्यानंतर त्यांनी लंडनमध्ये व्यक्तिचित्रांचा स्टुडिओ चालवला. १८८१ मध्ये त्यांना राणी व्हिक्टोरिया यांचे अधिकृत छायाचित्रकार म्हणून मान्यता मिळाली. उमराव आणि श्रीमंत लोक तेथे येत. या काळातील त्यांची चित्रे नीटनेटकी आहेत. त्याहून अधिक काही त्यांच्याविषयी सांगण्यासारखे नाही.

त्यांचे या काळातील खरे काम स्टुडिओबाहेरचे आहे. १८८६ पासून ते रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीमध्ये संशोधक प्रवाशांना छायाचित्रण शिकवू लागले. तोवर कोरड्या काचा आल्या होत्या आणि अंधारा तंबू पाठीवर वाहण्याची गरज उरली नव्हती. त्यांच्या शिष्यांपैकी विशेष उल्लेखनीय म्हणजे प्रवासी लेखिका इझाबेला बर्ड. साठी ओलांडल्यानंतर या बाई स्वतःचा कॅमेरा घेऊन चीनमध्ये गेल्या आणि ज्या यांगत्से नदीवर पाव शतकापूर्वी थॉमसन गेले होते, तिच्याच खोऱ्यातून त्यांनी प्रवास केला. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांची स्वतःची छायाचित्रे आहेत.

१९१० मध्ये थॉमसन व्यवसायातून निवृत्त झाले. चीनमधून पेट्यांत भरून आणलेल्या काचा त्यांनी पन्नास वर्षे जपून ठेवल्या होत्या. वृद्धापकाळी त्या योग्य ठिकाणी जाव्यात म्हणून त्यांनी औषधनिर्माते आणि संग्राहक हेन्री वेलकम यांच्याशी पत्रव्यवहार केला. व्यवहार पूर्ण होण्यापूर्वीच, सप्टेंबर १९२१ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वारसांकडून वेलकम यांनी त्या काचा विकत घेतल्या. सहाशेहून अधिक निगेटिव्ह आज लंडनच्या वेलकम संग्रहात आहेत. २००९ मध्ये त्यांवरून नव्याने काढलेल्या चित्रांचे प्रदर्शन बीजिंगमध्ये भरले. मूळ काचांवरून छापल्यामुळे या चित्रांत जुन्या ग्रंथात न दिसणारे तपशील स्पष्ट दिसतात : दुकानाच्या पाटीवरील अक्षरे, दारामागून डोकावणारे मूल, आणि काही ठिकाणी काचेच्या कडेला उमटलेले बोटांचे ठसे.